वाचकांचे प्रश्न : कला शाखेची पदवी

बारावीच्या निकालानंतर या सदराकडे प्रवेशासंबंधीची पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे बी.ए.विषयी असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेतून ६१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले. मला इतिहास आणि मराठी यांची मनापासून आवड असून तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेण्याची इच्छा आहे. घरी मात्र विरोध आहे. सायन्स सोडून आर्ट्सला गेले तर लोक काय म्हणतील, असे आई म्हणते, आणि ‘बी.ए. करून काय भेटते?’ हा बाबांचा प्रश्न आहे. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. चार एकरांतील कपाशी आणि सोयाबीनवर चालणाऱ्या घराने मुलीच्या शिक्षणाचा हिशेब विचारला तर त्यात गैर काही नाही, आणि त्या हिशेबाला केवळ ‘मला आवड आहे’ एवढे उत्तर पुरणार नाही. म्हणून आधी हिशेबाचेच बोलू.

केवळ बी.ए.च्या प्रमाणपत्रावर नोकरी क्वचितच मिळते, हे खरे आहे. मात्र केवळ बी.एस्सी.च्या प्रमाणपत्रावरही ती क्वचितच मिळते, ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, या पदासाठी किंवा बँकांच्या लिपिक परीक्षेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि तेथे दोन्ही शाखांचे पदवीधर एकाच रांगेत उभे असतात. तेव्हा तुलना करायची ती मनाविरुद्ध रडतखडत केलेली बी.एस्सी. आणि मन लावून केलेली बी.ए. यांच्यात करावी. बी.ए.नंतर दोन वर्षांचे बी.एड., तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र किंवा एम.ए. हे मार्ग खुले होतात. यांतील बी.एड.साठी पदवीला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. ही अट आजच लक्षात ठेवावी, कारण ‘आर्ट्सला काय, पासच व्हायचे आहे’ या समजुतीने अभ्यास टाळणाऱ्या कितीतरी मुलींना ती तीन वर्षांनंतर आडवी येते. शिक्षक होण्याचा विचार असेल तर शाळेत शिकवले जाणारे विषय निवडण्याचा फायदा होतो, आणि इतिहास व मराठी हे दोन्ही तसे विषय आहेत.

खर्चाबाबत बाबांना सांगण्यासारख्या काही गोष्टी आहेत. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.चे शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मानाने फारच कमी असते. प्रवर्गानुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, आवश्यक असल्यास जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे प्रवेशाआधीच तयार हवीत, आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे. गावातून सकाळची गाडी नियमित येते का, हा प्रश्न मुलीच्या शिक्षणात शुल्काइतकाच निर्णायक ठरतो, हे आपल्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता तुमच्या आवडीविषयी, कारण मला त्याबद्दल अधिक बोलायचे आहे. इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणे, अशी समजूत शाळेने करून दिली असेल तर ती येथे सोडावी. एखादी गोष्ट घडली असे कोण म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो, तो आधार किती विश्वसनीय आहे आणि त्याच्या विरुद्ध कोणता पुरावा आहे, हे तपासण्याचे शिक्षण म्हणजे इतिहास. आपल्या भागात या कौशल्याचा प्रत्यक्ष उपयोग पाहायचा असेल तर वनहक्क कायद्याकडे पाहावे. २००६ च्या या कायद्यानुसार गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क सिद्ध करायचा असतो, आणि त्यासाठीच्या नियमांत जनगणनेचे अहवाल, गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे शासकीय ग्रंथ, जमाबंदीची कागदपत्रे आणि गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब हे सर्व पुरावे म्हणून मान्य आहेत. पूर्व विदर्भातील गावांनी दावे दाखल करताना निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांसारखी, गावाच्या वहिवाटीचे हक्क आणि रूढी नोंदवणारी जुनी कागदपत्रे शोधून काढली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि देशात तसा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्या गावात अभ्यासगट चालवण्याची परंपरा आधीपासून होती. कागद शोधणे, तो वाचणे, वृद्धांना योग्य प्रश्न विचारणे आणि मिळालेली माहिती नेमकेपणाने लिहून काढणे, ही सारी इतिहासाच्या विद्यार्थ्याची कामे आहेत.

मराठीचेही तसेच आहे. मराठीतील आद्य चरित्रग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाला, आणि त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. महानुभाव साहित्याच्या संशोधनात आयुष्य घालवणारे वि. भि. कोलते हे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल या खेड्यातून आले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकऱ्याच्या घरी १८९८ मध्ये जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमाचा आणि विकासाचा. तेच पुढे देशाचे कृषिमंत्री झाले आणि त्यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांत विदर्भातील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. प्रत्येक पदवीधर असा होत नाही, परंतु शेतकऱ्याच्या मुलाने वाङ्मयाचा अभ्यास करणे ही चैन आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे नाव आठवावे.

शेवटी एक अट घालतो. प्रवेश घेण्यापूर्वी बाबांना सोबत घेऊन त्या महाविद्यालयात स्वतः जाऊन या. तुमच्या दोन्ही विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, की पद रिक्त असून सर्व काम तासिका तत्त्वावर चालते, हे विचारा. तासिका तत्त्वावरील शिक्षक अनेकदा फार तळमळीने शिकवतात, पण त्यांची नियुक्ती सत्र सुरू झाल्यावर उशिरा होते आणि तोपर्यंत वर्ग रिकामा राहतो. ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळते का आणि तास नियमित होतात का, हे कार्यालयात न विचारता दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना विचारावे. ही चौकशी समाधानकारक ठरली, तर निःशंकपणे प्रवेश घ्या. लोक काय म्हणतील या आईच्या काळजीला सध्या उत्तर देण्याची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर तो विषय घरात आपोआप मागे पडेल.

प्रश्न : माझा मुलगा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, क्रेडिट असे बरेच काही आहे, त्यातले आम्हाला काहीच समजत नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, असे मुलगा म्हणतो. त्याने तसे करावे काय? आणि पदवी आता तीन वर्षांची की चार वर्षांची?
— एक पालक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : पदवी तीन वर्षांतही मिळते आणि चार वर्षांतही. तीन वर्षे पूर्ण केल्यास नेहमीची बी.ए., आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षाचे होते, त्यामुळे पुढे शिकायचेच असेल तर चौथे वर्ष वाया जात नाही. लगेच बी.एड.ला किंवा नोकरीच्या परीक्षेकडे वळायचे असेल तर तीन वर्षे पुरेशी आहेत.

मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडविषय. क्रेडिट, ज्याला मराठीत श्रेयांक म्हणतात, हे अभ्यासाच्या तासांचे माप आहे. साधारणपणे वर्गातील १५ तासांच्या अध्यापनाला एक क्रेडिट धरले जाते. विद्यार्थ्याची सर्व क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्यात जमा होतात. ते खाते आपल्या मुलाने उघडले आहे आणि त्यातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे, एवढे आपण अवश्य पाहावे, कारण नावातील एका अक्षराच्या फरकानेही पुढे खेटे घालावे लागतात.

एका वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय आहे, परंतु तिच्यासाठी जादा क्रेडिटचे कौशल्यविषयक काम करावे लागते आणि परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यावे लागते. ही तरतूद आजारपण, घरातील आपत्ती किंवा मुलीचे लग्न अशा कारणांनी ज्यांचे शिक्षण तुटते त्यांच्यासाठी मोलाची आहे. पूर्वी असे विद्यार्थी हातात काहीही न घेता घरी बसत. धडधाकट मुलाने मात्र तिला पळवाट समजू नये. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला पदवी मागणाऱ्या कोणत्याही भरतीत किंमत नाही. त्याला तीन वर्षे पूर्ण करू द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या धोरणातील एका भागाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना आता स्वतंत्र क्रेडिट आहेत. बाजारातून तयार प्रकल्प आणून सही घेण्याची रीत काही ठिकाणी रुजू लागली आहे, आणि तसे करणारा विद्यार्थी पदवीतला सर्वांत उपयोगी भाग स्वतःच्या हाताने गमावतो. मुलाला अर्थशास्त्र हा विषय असेल तर तुमच्याच गावात गेल्या वीस वर्षांत कपाशीखालील क्षेत्र किती घटले आणि सोयाबीनखालील किती वाढले, हे त्याला पन्नास शेतकऱ्यांकडून विचारून घेता येईल. आपणही त्याला उत्तर देणाऱ्यांपैकी एक व्हावे.

प्रश्न : मी धारणी तालुक्यातील आहे. घरी आम्ही कोरकू बोलतो. आश्रमशाळेत शिकून आता अमरावतीला बी.ए.च्या पहिल्या वर्षात आहे. पुस्तकातील मराठी मला कळत नाही आणि इंग्रजी तर त्याहून अवघड वाटते. वर्गात बोललो की मुले हसतात. आमच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयात गेलेले नाही. शिक्षण सोडून परत जावे असे वाटते.
— एक विद्यार्थी, मेळघाट

उत्तर : परत जाऊ नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि ते ज्या शुद्ध, सरळ मराठीत लिहिले आहे ते पाहता तुम्हाला मराठी येत नाही हे मला मान्य नाही. तुम्हाला अडचण येते ती पाठ्यपुस्तकांच्या मराठीची, आणि ती अडचण ज्यांच्या घरी मराठीच बोलतात त्यांनाही येते. ते ती लपवतात, एवढेच. ‘सार्वभौमत्व’, ‘सामाजिक स्तरीकरण’, ‘सीमांत उपयोगिता’ ही शहरातल्या मुलाच्या घरचीही भाषा नव्हे. अशा पारिभाषिक संज्ञांची संख्या एका विषयात अमर्याद नसते. प्रत्येक विषयासाठी वेगळी वही करा, रोज पाच संज्ञा त्यात लिहा आणि प्रत्येकीसमोर अर्थ आधी कोरकूत, मग साध्या मराठीत लिहा, आणि आपल्या गावातील एक उदाहरण जोडा. कोरकू देवनागरीत लिहिता येते. कोरकूत अर्थ सांगता आला नाही तर ती संकल्पना अद्याप समजलेली नाही असे धरून शिक्षकांना पुन्हा विचारा. पाठ करण्याची सवय मोडण्याचा इतका खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

तुम्ही ज्या भाषेमुळे संकोचता तिच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मराठी ही भारतीय आर्य कुलातील भाषा, गोंडी आणि यवतमाळकडील कोलामी या द्रविड कुलातील, तर कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रोआशियाई कुलातील भाषा आहे. त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद परिसरात, निहाली बोलली जाते आणि तिला जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलात निश्चितपणे बसवणे अभ्यासकांना अजून जमलेले नाही. एकट्या विदर्भात एवढी भाषिक विविधता आहे आणि तिच्यापैकी एक भाषा तुम्हाला जन्मतः मिळाली आहे. कोरकूत द्विवचन आहे. संस्कृत शिकणाऱ्या मुलांना द्विवचन कष्टाने शिकावे लागते, कारण मराठीत ते उरलेले नाही. तुमची आजी ते रोज सहज वापरते. भाषाशास्त्र, समाजशास्त्र किंवा मराठी यांपैकी कोणत्याही विषयात प्रकल्प करायची वेळ आली, तर कोरकूतील नात्यांचे शब्द, मोहफुलापासून तेंदूपानापर्यंत जंगलातील वस्तूंची नावे, किंवा वृद्धांकडून ऐकलेल्या कथा ध्वनिमुद्रित करून लिहून काढा. असे काम तुमच्या वर्गात दुसरे कोणी करू शकणार नाही, आणि दूरच्या विद्यापीठांतले अभ्यासक त्यासाठी मेळघाटात येऊन दुभाषा शोधतात.

हसणाऱ्या मुलांविषयी तुम्ही एकट्याने सहन करण्याचे कारण नाही. ज्या प्राध्यापकांवर विश्वास वाटतो त्यांना तासानंतर भेटून शांतपणे सांगा. वर्गात हे थांबवणे ही त्यांची जबाबदारी आहे. राहण्याची सोय झाली नसेल तर आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज करा, आणि तेथे जागा नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून निवास व भोजनाच्या खर्चासाठी रक्कम मिळू शकते. प्रकल्प कार्यालय तुमच्या धारणीलाच आहे.

इंग्रजीची भीती पहिल्या वर्षात जाणार नाही, म्हणून तिच्यासाठी स्वतःला दोषही देऊ नका. रोज एक लहान परिच्छेद मोठ्याने वाचा आणि त्याचा अर्थ मराठीत लिहा. तिसऱ्या वर्षापर्यंत संदर्भाचे इंग्रजी पुस्तक शब्दकोशाच्या मदतीने वाचता आले, तरी पुरे.

प्रश्न : मला एम.पी.एस.सी. करायची आहे. पदवी लागते म्हणून गावाजवळच्या महाविद्यालयात बी.ए.ला नाव टाकून नागपूरला अभ्यासिका लावावी, असे मित्र सांगतात. वर्गात न गेल्याने काही नुकसान होते का?
— एक युवक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर : होते, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त होते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १७५० लेखी गुणांपैकी निबंधाला २५०, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांना १००० आणि वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांना ५०० गुण आहेत. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी वाङ्मय यांसारख्या विषयांतून वैकल्पिक विषय निवडता येतो. म्हणजे मुद्दा समजून घेऊन तो स्वतःच्या शब्दांत, पुराव्यासह आणि ठरलेल्या वेळेत लिहिणे, ही जी गोष्ट बी.ए.च्या तीन वर्षांत शिकायची असते, तीच ही परीक्षा तपासते. वर्ग सोडून बहुपर्यायी प्रश्नसंच सोडवत बसणारा विद्यार्थी नेमक्या त्याच तयारीला मुकतो.

शिवाय पहिल्याच वर्षी नागपूरला खोली, मेस आणि अभ्यासिका यांवर जो पैसा जाईल तो धानाच्या एका हंगामातून निघत नाही. पदवीचे तिसरे वर्ष होईपर्यंत गावाजवळ राहा, वर्गात बसा, महिन्याला दोन निबंध लिहून शिक्षकांना दाखवा. त्यानंतर किती वेळा परीक्षा द्यायची आणि कोणत्या वयापर्यंत, हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा आणि लिहून ठेवा. तिशी उलटल्यावरही अभ्यासिकेतून उठता न येणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या बुद्धीत उणे काही नव्हते. थांबायचे कधी, हे त्यांनी कधी ठरवलेच नव्हते. मन लावून केलेली बी.ए. असली की बी.एड., एम.ए. किंवा कायदा हा दुसरा रस्ता हाताशी राहतो. नुसते नाव टाकून मिळवलेली पदवी तोही देत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी गाइडेच आहेत. विकत घेण्याची ऐपत नाही. वाचायचे काय?
— एक विद्यार्थिनी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : मराठी विश्वकोशाचे सर्व खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात आणि कोणत्याही सामाजिक शास्त्रातील विषयाची पहिली ओळख करून घेण्यासाठी ते गाइडपेक्षा कितीतरी चांगले आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावर पदवीचे अभ्यासक्रम आहेत. तुमच्या महाविद्यालयाने मान्यता दिल्यास त्यांचे क्रेडिटही धरले जातात. गावात किंवा जवळच्या मोठ्या गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर तेथील ग्रंथपालांना भेटा, कारण शासनाचे अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला दरवर्षी नवीन ग्रंथ खरेदी करावे लागतात आणि विद्यार्थ्यांनी यादी दिली तर पुष्कळ ग्रंथपाल ती आनंदाने विचारात घेतात. महाविद्यालयातील पाच-सहा जणींनी मिळून अशी यादी करा, तिच्यावर विषयाच्या प्राध्यापकांची सही घ्या आणि खरेदी होण्यापूर्वी ती पोहोचती करा. तोपर्यंत अमरावती जिल्ह्याचे गॅझेटिअर वाचायला घ्या. तेही राज्याच्या दर्शनिका विभागाने इंटरनेटवर ठेवले आहे, आणि तुमचा रिद्धपूरचा परिसर त्यात कसा नोंदवला आहे ते पाहून मला अवश्य कळवा.